हरताळाखालची अक्षरं

तत्त्वांना हरताळ फासला, दिलेल्या शब्दाला हरताळ फासला, असं आपण वर्तमानपत्रात नेहमी वाचतो. हा हरताळ पोथ्यांतून आलेला आहे. लेखनिकाच्या हातून चुकीचं अक्षर पडलं की तो शक्यतो काट मारत नसे. काट मारलेलं पान विद्रूप दिसतं आणि बोरू जोरात फिरला तर कागद फाटतो. तो हरताळ नावाचं पिवळं खनिज खलात मऊ वाटायचा, डिंकाच्या पाण्यात कालवायचा आणि चुकलेल्या जागेवर त्याचा पातळ लेप द्यायचा. लेप वाळला की वर बरोबर अक्षर. दोन-तीनशे वर्षांत कागद चहाच्या रंगाचा होतो, हरताळ मात्र पिवळाच राहतो. त्यामुळे दुरुस्तीची जागा हातभर अंतरावरूनही ओळखू येते.

हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचं संयुग, म्हणजे विषच. म्हणून पोथीचं पान उलटताना बोट जिभेला लावायचं नाही आणि काम संपलं की हात साबणानं धुवायचे. पोथी वाचायला शिकवताना लिपीच्याही आधी हे सांगावं लागतं. दुसरी गोष्ट अशी की लेप पातळ असेल तर खालची अक्षरं पुरती जात नाहीत. शाई काजळीची असते आणि काजळी विटत नाही. पानाच्या मागून उजेड आला की पिवळ्याखालचं काळं वर येतं. अवरक्त प्रकाशातल्या छायाचित्रात तर लेप फिका पडतो आणि शाई काळीच राहते.

प्राचीन विचारांच्या संशोधनाचं सगळं मर्म मला ह्या एका पानात दिसतं. वरचं अक्षर कोणालाही वाचता येतं. खाली काय होतं, ते कोणी झाकलं, आणि झाकता झाकता किती राखून ठेवलं, हे शोधण्यात तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाची तीस-पस्तीस वर्षं जातात.

नाशिकमध्ये अशा माणसाकडून लोकांची अपेक्षा थोडी निराळी असते. पंचवटीत आणि त्र्यंबकला प्रवचनाची परंपरा आजही भरात आहे, उन्हाळ्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला भरते, १८४० सालापासूनचं सार्वजनिक वाचनालय शहरात आहे. ऐकणारा आणि वाचणारा वर्ग इथे तयार आहे. ‘प्राचीन तत्त्वज्ञान शिकवतात’ म्हटलं की हे सर किंवा ह्या मॅडम उपनिषदांवर तासभर छान बोलतील, असं लोक धरून चालतात. बोलतातही. पण त्यांचं खरं काम त्या तासाच्या आधीचं असतं, आणि ते व्यासपीठावरून दिसत नाही.

नोकरीची वाट ठरलेली आहे. एम.ए. झालं की नेट किंवा सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा: दोन पेपर, १५० प्रश्न, ३०० गुण, तीन तास, सगळे प्रश्न पर्यायी. ह्या परीक्षेसाठी प्रत्येक जण एक कोष्टक पाठ करतो: कोणतं दर्शन किती प्रमाणं, म्हणजे ज्ञानाची साधनं, मानतं. चार्वाकांचं प्रमाण एक, वैशेषिकांची दोन, सांख्यांची तीन, नैयायिकांची चार, प्राभाकरांची पाच, भाट्टांची आणि अद्वैत्यांची सहा. कोष्टक परीक्षेपुरतं उपयोगी आहे. पण पुढे संशोधनात तेच आडवं येतं. पुरंदर नावाच्या चार्वाकाचं एक वचन आठव्या शतकातल्या कमलशील ह्या बौद्ध पंडितानं उद्धृत केलं आहे. त्यात तो म्हणतो की लोकव्यवहारातलं अनुमान आम्हालाही मान्य आहे. व्यवहार ओलांडून परलोकाकडे झेपावणारं अनुमान आम्ही नाकारतो. धूर दिसला म्हणून अग्नी मानायला त्याची हरकत नाही. ‘चार्वाक: फक्त प्रत्यक्ष’ ह्या खान्यात हा माणूस बसत नाही. कोष्टक डोक्यात पक्कं असलं की डोळा अशा ओळीवरून घसरून जातो.

पीएच.डी.ला २०२२ च्या नियमांनुसार कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं मिळतात, आणि आधी किमान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे विषय अवाढव्य घेणं. ‘भारतीय दर्शनांतील ज्ञानमीमांसा’ असा विषय घेतला की सहा वर्षं दुय्यम पुस्तकं एकत्र करण्यात जातात आणि मूळ ग्रंथाचं पान उघडायला सवड उरत नाही. त्यापेक्षा न्यायसूत्रांतलं, म्हणजे न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथातलं, एक प्रकरण घ्यावं, दहा-बारा सूत्रांचं, आणि त्यावर वात्स्यायन, उद्द्योतकर, वाचस्पती असे टीकाकारांचे एकावर एक थर वाचावेत. रोज आठ-दहा ओळी झाल्या तरी चाल चांगली म्हणायची. पदवी मिळाल्यावर बऱ्याच जणांची कित्येक वर्षं तासिका तत्त्वावर जातात. सकाळी एका महाविद्यालयात, दुपारी दुसऱ्या. कायम झाल्यावर सहायक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तास शिकवायचं असतं. ह्या धबडग्यात ज्यांनी रोजच्या आठ-दहा ओळी सोडल्या नाहीत, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

आता त्या ओळी वाचायच्या कशा, त्याबद्दल.

जुन्या पोथीत अवतरणचिन्ह नाही, प्रश्नचिन्ह नाही, नवा परिच्छेद नाही. दंड असतो, तोही लेखनिकाच्या लहरीवर. आणि भारतीय शास्त्रग्रंथांची रीत अशी की आधी प्रतिपक्षाचं म्हणणं मांडायचं, तेही त्याच्याच तोंडून आल्यासारखं, आणि मग खोडायचं. त्यामुळे वाचणाऱ्यानं पहिला प्रश्न ‘काय म्हटलंय’ हा विचारायचा नसतो. ‘कोण बोलतंय’ हा विचारायचा असतो. आवाज बदलल्याच्या खुणा ठरावीक आहेत. ‘ननु’ आला की आक्षेप घेणारा उठून उभा राहिला. ‘स्यादेतत्’ म्हणजे असं कोणी म्हणेल. ‘इति चेत्’ म्हणजे त्याचं म्हणणं संपलं, आणि लगेच येणारा ‘न’ हा ग्रंथकाराचा. ‘केचित्’, ‘अन्ये’, ‘अपरे’ म्हणजे नाव न घेता सांगितलेली दुसऱ्यांची मतं. ‘सत्यम्’ आला की खूश व्हायचं कारण नसतं. पुष्कळदा तो ‘तुमचं तेवढं खरं, पण’ असा अर्धा होकार असतो.

सर्वांत फसवी जोडी ‘न च’ आणि ‘वाच्यम्’ ही. ‘न च’ने वाक्य सुरू होतं, मध्ये तीन-चार ओळींचा युक्तिवाद येतो आणि शेवटी ‘इति वाच्यम्’. अर्थ असा की ‘मधलं सगळं म्हणता येणार नाही’. शेवटचं ‘वाच्यम्’ पान उलटल्यावर आलं आणि वाचणाऱ्यानं मधलाच मजकूर उतरवून घेतला, तर ग्रंथकारानं जे नाकारलं ते त्याच्याच नावावर जमा होतं. ‘इति’ची अडचण याच्या उलटी आहे. उद्धरण कुठे संपलं ते ‘इति’ सांगतो, कुठे सुरू झालं ते कोणीच सांगत नाही. आरंभ शोधायला वाक्याची घडण, शब्दांची लकब आणि जमल्यास तेच वचन आणखी कुठे आलं आहे का, हे पाहावं लागतं.

न्यायसूत्रांत दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या आह्निकात, म्हणजे उपविभागात, आठवं सूत्र आहे: ‘प्रत्यक्षादीनामप्रामाण्यं त्रैकाल्यासिद्धेः’. प्रत्यक्ष वगैरे प्रमाणंच नव्हेत, कारण तिन्ही काळांत त्यांची सिद्धी होत नाही. ज्या दर्शनाचा सगळा डोलारा प्रमाणांवर उभा आहे, त्याच्या मूळ सूत्रांत हे वाक्य कसं? तर हा सूत्रकार गौतमाचा आवाज नाही. आठ ते अकरा ही चारही सूत्रं प्रतिपक्षाची आहेत. तो विचारतो: प्रमाण हे ज्ञेय वस्तूच्या आधी असतं, मागून येतं की बरोबर असतं? आधी म्हणावं तर वस्तूच नाही, मग कशाचं प्रमाण? मागून म्हणावं तर वस्तू प्रमाणावाचूनच सिद्ध झाली. बरोबर म्हणावं तर ज्ञानं एकामागून एक होतात, हा क्रमच उरत नाही. बाराव्या सूत्रात गौतम उत्तर देतो: तुमचा निषेधही ह्याच तिन्ही काळांत अडकतो, मग तो तरी कसा सिद्ध होणार? आणि वात्स्यायन आपल्या भाष्यात एक घरगुती उदाहरण देतो. ‘आचाऱ्याला बोलव, तो स्वयंपाक करील’ असं आपण म्हणतो. त्या क्षणी तो काही शिजवत नसतो, तरी आचारीच असतो. प्रमाणाचंही तसंच.

पुढे सोळाव्या सूत्रात तराजू येतो. प्रमाण स्वतः प्रमेय, म्हणजे जाणून घ्यायची वस्तू, होऊ शकतं का, ह्यावर उत्तर: तराजूसारखं. सराफ बाजारात काट्यावर सोनं तोललं जातं तेव्हा काटा प्रमाण. काट्याची शंका आली आणि वजन ठाऊक असलेलं सोनं ठेवून काटाच तपासला, की आता काटा प्रमेय. अडीच हजार वर्षांच्या वादविवादात इतकं रोखठोक उदाहरण मला क्वचित दिसलं.

त्रैकाल्याचा, म्हणजे तिन्ही काळांचा, हाच युक्तिवाद बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाकडेही आहे, आणि कोणी कोणाला उत्तर दिलं ह्यावर अभ्यासकांचा वाद आहे. त्याच्या ‘विग्रहव्यावर्तनी’त ७० कारिका, म्हणजे श्लोक, आहेत. पहिल्या २० प्रतिपक्षाच्या, उरलेल्या ५० उत्तराच्या. पंधरावी कारिका ‘नागार्जुन म्हणतो’ म्हणून दिली की झाली फसगत. ह्या ग्रंथाचं संस्कृत मूळ राहुल सांकृत्यायनांना १९३६ साली तिबेटातल्या मठात सापडलं, तोवर चिनी आणि तिबेटी भाषांतरांवरच भागत होतं.

अक्षराच्या पातळीवरचे खड्डे निराळे. प आणि य, घ आणि ध, च आणि व, म आणि भ हे नागरी पोथ्यांत एकमेकांची जागा घेतात. जुन्या जैन पोथ्यांत पडिमात्रा असते: एकाराची मात्रा अक्षराच्या डोक्यावर न देता त्याच्या आधी उभी रेघ म्हणून काढलेली. नवख्याला ती मागच्या अक्षराचा काना वाटते. दोन ओळींत एकच शब्द आला की लेखनिकाची नजर पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारते आणि मधली ओळ गळते. आणि अवग्रह, म्हणजे लोपलेल्या ‘अ’ची खूण (ऽ)! बऱ्याच पोथ्यांत तो लिहीतच नाहीत. ‘तेप्रमाणम्’ एवढंच पानावर आहे. ‘ते प्रमाणम्’ म्हणायचं की ‘तेऽप्रमाणम्’? एका न लिहिलेल्या चिन्हावर ‘प्रमाण आहेत’ आणि ‘प्रमाण नाहीत’ हा फरक लटकलेला असतो. अशा वेळी मागचं-पुढचं वाक्य, टीकाकारानं काय वाचलं होतं, आणि वेगळ्या मूळ प्रतीवरून उतरलेली पोथी, ह्या तिन्हींना विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. ज्ञानदेव ‘भाष्यकारांतें वाट पुसतु’ म्हणतात. पोथी समोर असताना त्याचा अगदी शब्दशः अनुभव येतो.

पाठभेद, म्हणजे पोथ्यापोथ्यांतले शब्दांचे फरक, वाचायची सवय लावायला पुण्याच्या भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती फार उपयोगी पडते. १२५९ हस्तलिखितं पाहून झालेलं, १९६६ साली पुरं झालेलं ते काम आहे. वरचा श्लोक वाचण्याआधी खालच्या तळटिपांचा पट्टा वाचावा. कोणत्या लिपीतल्या पोथ्या कोणत्या पाठामागे उभ्या आहेत हे कळायला लागलं की छापील पुस्तकाकडे पाहण्याची नजरच बदलते.

पाठभेदानं केवढा अन्याय होऊ शकतो, त्याचं उदाहरण प्रत्येक मराठी माणसाच्या तोंडी आहे: ‘ऋणं कृत्वा घृतं पिबेत्’. ऋण काढून सण करणाऱ्याला आपण हे चार शब्द ऐकवतो आणि चार्वाक म्हणजे उधारीवर चैन करणारा, असं चित्र पिढ्यान् पिढ्या पुढे जातं. हे चरण ज्या माधवाचार्यांच्या चौदाव्या शतकातल्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’तून आलं, तो ग्रंथ उघडून चार्वाकांचं पहिलंच प्रकरण नीट वाचावं. त्याच्या आरंभी हाच श्लोक असा दिला आहे: ‘यावज्जीवं सुखं जीवेन्नास्ति मृत्योरगोचरः’. जगायचं तोवर सुखानं जगावं, मृत्यूच्या टप्प्याबाहेर काहीच नाही. आणि त्याच प्रकरणाच्या शेवटी, बृहस्पतीच्या नावावर दिलेल्या श्लोकांत, ‘नास्ति मृत्योरगोचरः’च्या जागी तूप पिणं येतं. माधवाचार्यांच्या पाच शतकं आधीच्या जयंतभट्टाच्या ‘न्यायमंजरी’तही मृत्यूचाच पाठ आहे, तुपाचा नाही. रामकृष्ण भट्टाचार्य ह्या अभ्यासकानं चार्वाकांची विखुरलेली वचनं गोळा करून हा फरक बारकाईनं दाखवला.

मला ह्याचं फार वाईट वाटतं. मूळ चरणात मरणाकडे सरळ पाहणारं एक गंभीर विधान होतं. त्यावर कोणीतरी तुपाचा लेप दिला आणि आपण लेपच पाठ केला. मराठीतून तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यानं चार्वाकांच्या पहिल्या तासाला फळ्यावर दोन्ही पाठ शेजारी शेजारी लिहावेत. बाकी काही सांगायची गरज उरत नाही.

चार्वाकांसाठी नोंदी ठेवण्याची पद्धतही सांगतो. ग्रीक विचारवंतांच्या बाबतीत हाच पेच आहे. सॉक्रेटिसच्या आधीच्यांचे ग्रंथ बुडाले आणि जे उरलं ते नंतरच्यांच्या उद्धरणांत. हर्मान डील्स ह्या जर्मन पंडितानं १९०३ साली त्यांचा संग्रह काढताना दोन विभाग पाडले: ‘ए’मध्ये त्यांच्याबद्दल दुसऱ्यांनी सांगितलेलं, ‘बी’मध्ये त्यांचे स्वतःचे शब्द. आपल्याकडे ह्याला तिसरा विभाग जोडावा लागतो. पहिल्या रकान्यात ‘इति’सकट आलेलं शब्दशः वचन. दुसऱ्यात प्रतिपक्षानं स्वतःच्या शब्दांत दिलेला सारांश. तिसऱ्यात ‘असं मानलं तर असं मानावं लागेल’ म्हणून त्यांच्या गळ्यात घातलेली आपत्ती. हा तिसरा रकाना सर्वांत भरघोस निघतो आणि सर्वांत घातक असतो, कारण आपत्ती मूळ माणसानं कधी कबूलच केलेली नसते. शंभर नोंदी केल्यावर लक्षात येतं की पाठ्यपुस्तकांतलं चार्वाकाचं चित्र बहुतांशी तिसऱ्या रकान्यातून काढलेलं आहे.

तरी झाकणाऱ्यांवर नुसतं रागावून चालत नाही. जयराशीचा ‘तत्त्वोपप्लवसिंह’ हा सगळ्या प्रमाणांचा पाया उखडणारा ग्रंथ. त्याला चार्वाक म्हणावं की आणखी काही, ह्यावर मतभेद आहेत. हा ग्रंथ गुजरातमधल्या पाटणच्या जैन भांडारातल्या एकुलत्या एका पोथीवरून सुखलालजी संघवी आणि रसिकलाल पारीख यांनी १९४० साली प्रसिद्ध केला. ज्यांना तो मुळीच मान्य नव्हता, त्यांनी कापडात गुंडाळून शतकानुशतकं सांभाळला. खंडन करायचं तर समोरच्याचं पुस्तक घरात हवं, ही त्यांची शिस्त होती. त्या शिस्तीनं आपल्याला जयराशी दिला.

नावांचा एक चकवा नाशिकमध्ये हमखास बसतो. ब्रह्मगिरीवर गोदावरी आणणारे गौतम ऋषी, न्यायसूत्रांचे अक्षपाद गौतम, गौतम बुद्ध आणि सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी, अशी चार नावं एका जिल्ह्याच्या आठवणीत एकमेकांना खेटून बसली आहेत. नाव सारखं म्हणून माणूस एक, असं धरून लिहिलेले लेख अधूनमधून वाचायला मिळतात. नावाचं साम्य हा पुरावा नव्हे. ग्रंथ, काळ आणि परंपरा तिन्ही जुळावी लागतात.

आणि नाशिकच्या प्राध्यापकाला एक ठेवा असा मिळालेला आहे की जो पुण्याच्या ग्रंथालयातही नाही. मुंबई-आग्रा महामार्गालगतची पांडवलेणी, म्हणजे त्रिरश्मी डोंगर. तिथल्या लेखांना लोक इतिहासाचं साधन मानतात, आणि ते आहेतच. पण तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकानंही ते ओळ न् ओळ वाचायला हवेत. एमिल सेनार्ट यांनी केलेलं त्यांचं वाचन ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडात आहे, ते हातात घेऊन जावं, आणि बाजूनं धरायला एक विजेरी. समोरून प्रकाश टाकला की दगड सपाट दिसतो, बाजूनं टाकला की खोदलेल्या रेघेला सावली पडते. टवका उडालेली जागा अनुस्वारासारखी दिसते, तेव्हा कडा बघायची: छिन्नीची कड एकसारखी असते, फुटलेल्या दगडाची नसते. स्मारक संरक्षित आहे. परवानगीशिवाय ओला कागद लावून ठसा घ्यायचा नाही, आणि खडूनं अक्षरं भरण्याचा तर विचारही करू नये.

तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत गौतमीपुत्राची मोठी प्रशस्ती, म्हणजे स्तुतिलेख, आहे. इथेही आधी विचारायचं, कोण बोलतंय? लेखाचा काळ गौतमीपुत्राचा नाही. त्याचा मुलगा पुळुमावी याचं एकोणिसावं वर्ष, ग्रीष्माचा दुसरा पक्ष, तेरावा दिवस, असं शब्दांत आणि आकड्यांत दोन्हीकडे कोरलं आहे. बोलते आहे ती गौतमी बलश्री, त्याची आई. मुलगा ‘खखरातवंस’, म्हणजे नहपान राजाचा क्षहरात वंश, निःशेष करणारा होता, हे ती सांगते. तो अपराध केलेल्या शत्रूचाही जीव घ्यायला राजी नसे, हेही तीच सांगते. चार वर्णांचा संकर त्यानं थांबवला, आणि तो ‘एकबम्हण’ होता. ह्या शेवटच्या शब्दाचा ‘अद्वितीय ब्राह्मण’ असा एक अर्थ, ‘ब्राह्मणांचा एकमेव कैवारी’ असा दुसरा, आणि त्यावर शंभर वर्षं वाद. एवढी वर्णव्यवस्थेची स्तुती करून शेवटी दान कोणाला? बौद्धांच्या भदावनीय, म्हणजे भद्रयानीय निकायाच्या (पंथाच्या) भिक्षुसंघाला. दर्शनं म्हणजे एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेले संप्रदाय, असं ज्याच्या मनात असेल त्यानं ही ओसरी जरूर पाहावी.

हे भद्रयानीय काय मानत होते? त्यांचा स्वतःचा म्हणता येईल असा ग्रंथ आज हाती नाही. पाली ‘कथावत्थु’त थेरवाद्यांनी दुसऱ्या निकायांची मतं खोडली आहेत, मूळ ग्रंथात प्रतिपक्षाची नावं नाहीत, ती अट्ठकथेत, म्हणजे त्यावरच्या टीकेत, येतात. तिथे आणखी काही निकायांच्या जोडीनं त्यांचं नाव एका मतावर आहे: सत्यांचा साक्षात्कार एकदम होत नाही, क्रमाक्रमानं होतो. लेणं दगडात दोन हजार वर्षं टिकलं, आणि त्यात राहणाऱ्यांचा विचार शिल्लक राहिला तो तो खोडणाऱ्यांच्या वहीत.

दहावं लेणं क्षहरात राजा नहपानाचा जावई उषवदात याचं. त्याच्या लेखात ३००० कार्षापणांची (त्या काळच्या नाण्यांची) अक्षयनीवी आहे, म्हणजे मुद्दल कायम ठेवायचं आणि व्याजच वापरायचं. २००० गोवर्धनातल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिक संघाकडे, शेकडा महिना एक दरानं. १००० दुसऱ्या श्रेणीकडे, शेकडा पाऊण दरानं. कागदावर हिशेब करून पाहावा. दोन हजारांवर महिन्याला २०, वर्षाला २४०. लेखात म्हटलंय की ह्या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापणं चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. पै न् पै जुळते. हजारांवर पाऊण दरानं ९०, ते ‘कुशणमूला’साठी; ह्या शब्दाच्या अर्थावर एकमत झालेलं नाही. विचार करणाऱ्या माणसाला पावसाळ्यात कोरडी जागा आणि अंगावर वस्त्र लागतं, ह्याचा इतका चोख हिशेब तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत मिळत नाही. आणि एवढा विचार तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांच्या बाबतीत आज होत नाही, ही माझी तक्रार आहे.

गौतमीपुत्रानं नहपानाचा पराभव केला, आणि आपल्या अठराव्या वर्षी ह्याच डोंगरावरच्या तपस्व्यांना एक शेत दिलं. तो हुकूमही तिसऱ्या लेण्यात आहे. २०० निवर्तनांचं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) शेत, अपरकखडी गावचं. ते आधी कोणाचं होतं, तेही राजाज्ञेत लिहिलंय: ‘उसभदातेन भूतं’. उषवदाताच्या भोगवट्यातलं. ज्याचा वंश निःशेष केला म्हणून पुढे प्रशस्तीत गायलं गेलं, त्याच्या जावयाचं नाव विजेत्याच्या हुकुमात जमिनीची ओळख पटवायला तसंच ठेवावं लागलं.

१९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. १३ हजारांहून जास्त नाणी, सगळी नहपानाची, आणि त्यांतल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपला ठसा पुन्हा मारलेला. एका बाजूला तीन कमानींचा चैत्य आणि त्याच्या नावाची ब्राह्मी अक्षरं, दुसऱ्या बाजूला उज्जयिनीचं चिन्ह. चांदी वितळवून नवी नाणी पाडायला वेळ आणि सरपण लागतं. तापवून वरून ठसा मारणं सोपं. घाईत मारलेला ठसा सगळीकडे सारखा उमटत नाही. अशा नाण्यावर उजेड बाजूनं पाडून ते हळूहळू फिरवावं. गौतमीपुत्राच्या अक्षरांच्या कडेला जुन्या ग्रीक अक्षरांचा एखादा तुकडा लागतो, आणि चैत्याच्या कमानीखालून नहपानाच्या हनुवटीची रेघ वर येते.